कैचीचे चित्र

उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात; विदर्भातील शाळांना मात्र उन्हाचा मुलाहिजा राखून जूनचा शेवटचा आठवडा उजाडेपर्यंत मोकळीक दिलेली असते, आणि नागपूरच्या कित्येक पिढ्यांनी या वाढीव रजेचा जो सर्वांत चिरस्थायी उपयोग करून घेतला तो सायकल शिकण्याचा. पारा पंचेचाळिसाच्या घरात असल्यामुळे हे विद्यार्जन दोनच वेळी संभवे : भल्या पहाटे, रस्ते झाडले जात असताना, किंवा दिवेलागणीनंतर, कस्तुरचंद पार्काच्या अथवा रेशीमबागेच्या मैदानावरची धूळ जराशी निवल्यावर. तासाच्या भाड्याने आणलेली मोठ्या माणसाची सायकल, तिला कसाबसा बिलगलेला एखादा पोट्टा, मागे कॅरिअर धरून धावणारा त्याचा थोरला भाऊ, आणि त्या भावाच्या मुखातून अखंड चाललेला एकच घोष : ‘‘समोर पाह्य ना बे, चाकाकडे काय पाह्यतं! मी धरून आहो, तू पायडल मार!’’ या घोषाचा पूर्वार्ध शास्त्रशुद्ध आहे. उत्तरार्ध बहुधा असत्य असतो. कारण ज्या क्षणी ‘मी धरून आहो’ हे शब्द सर्वांत मोठ्याने उच्चारले जातात, त्याच क्षणी धरणारा हात सुटलेला असतो.

मुलांसाठी नेमक्या याच प्रसंगावर रचलेली चित्रपुस्तके पाश्चात्त्य देशांत विपुल आहेत, आणि त्यांतील निवडक पुस्तके चाळताना प्रथम जाणवते ते असे की, वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या या विषयाने भल्या भल्या चित्रकारांची परीक्षा पाहिली आहे. पतंग बांधणे, पोळी लाटणे, झाडावर चढणे या गोष्टी पायरीपायरीने दाखविता येतात. प्रत्येक पायरीला एक चित्र दिले की काम भागते. सायकलीच्या बाबतीत एक क्षण असा येतो की ज्याच्या अलीकडे मुलाला सायकल येत नसते आणि पलीकडे ती येत असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये दाखविण्याजोगे काहीच नसते. मुलगा तोच, रस्ता तोच, पायही तसेच फिरत असतात. शब्दांनी हा पालट सांगावा तर सांगणाऱ्यालाच तो उमगलेला नसतो, आणि चित्राने दाखवावा तर स्थिर चित्रात धावणारी सायकल आणि कोसळू घातलेली सायकल यांच्यातला भेद ओळखू येत नाही.

सांगणाऱ्यालाच उमगलेला नसतो, हे विधान आम्ही अलंकारासाठी केलेले नाही. विमान उडविण्यापूर्वी डेटन गावात सायकलींचा धंदा करणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर याने अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिले होते की, डावीकडे वळताना तुम्ही प्रथम काय करता. हँडल प्रथम किंचित उजवीकडे जाते, त्यामुळे शरीर डावीकडे झुकते आणि मग सायकल डावीकडे वळते, हे पहिल्याच प्रश्नाला त्यांपैकी कोणालाही नीट सांगता आले नव्हते, जरी रोज ते स्वतः तसेच करीत असत. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे सायकल उभी राहते, असे पुष्कळ काळ सांगण्यात येई. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७० साली तो गुण रद्द करणारे एक उलट फिरणारे जादा चाक जोडून सायकल बनविली. ती चालविता येणार नाही अशी त्याची अपेक्षा होती, परंतु ती बिनतक्रार चालली. पुढे २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात काही अभियंत्यांनी असे सप्रयोग दाखविले की, भोवऱ्याचा गुण आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षरेषेच्या मागे जमिनीला टेकणे ही दोन्ही कारणे काढून घेतली तरी सायकल स्वतःचा तोल सावरू शकते. मात्र ज्या बाजूला ती पडू लागेल त्या बाजूला तिचे हँडल वळले पाहिजे. ‘पडशील तिकडे वळव’ हा मंत्र कस्तुरचंद पार्कावरच्या थोरल्या भावांनी या शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी धाकट्यांच्या कानात ओतला होता, हे येथे नमूद करणे त्या भावांवर उपकार करण्यासारखे नसून निव्वळ न्याय आहे.

मग चित्रपुस्तकाचा कर्ता काय करतो? त्याच्या संग्रही हलणारी अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे पान. तो तिचाच आश्रय घेतो. छापखान्यात कागदाचा मोठा ताव एका अंगास आठ व दुसऱ्या अंगास आठ अशा सोळा पानांनी छापून त्याची घडी घातली की एक फर्मा होतो, आणि दोन फर्म्यांचे बत्तीस पानांचे चित्रपुस्तक काढावयाचे, हा बहुतेक जगाचा शिरस्ता आहे. आपल्याकडे किमतीच्या सबबीवर सोळा किंवा चोवीस पानांतच प्रपंच आटोपतात. बत्तीसांतून शीर्षकाची आणि प्रकाशकाच्या मजकुराची पाने वजा केली तर गोष्टीच्या वाट्याला समोरासमोरची मिळून बारा-चौदा जोडपाने येतात. प्रत्येक जोडपान ही एक स्थिर अवस्था. आणि दोन जोडपानांच्या दरम्यान, बोट लावून पान उलटविण्याला जो अर्धा-एक पळ लागतो, त्यात जे घडावयाचे ते घडते. सायकलीवरचा हात सुटण्याची जागा तीच. उजव्या पानावर हात कॅरिअरवर असतो, पान उलटले की नसतो, आणि हा पालट चित्रकाराने काढलेला नसून वाचणाऱ्या मुलाने स्वतःच्या बोटाने घडवून आणलेला असतो. चित्रपुस्तक नावाच्या वाङ्मयप्रकाराला जणू याच विषयासाठी निर्माण केले असावे, असे कधी कधी वाटते.

ख्रिस रॅश्का या अमेरिकन चित्रकाराचे २०१३ सालचे ‘एव्हरीवन कॅन लर्न टू राइड अ बायसिकल’ हे पुस्तक या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. अमेरिकेतील सचित्र बालपुस्तकांसाठीचे मानाचे कॅल्डेकॉट पदक त्याला २००६ आणि २०१२ अशा दोन वेळा मिळालेले. त्याच्या पुस्तकात हेल्मेट घातलेली एक लहान मुलगी आणि तिला शिकविणारा एक वडीलधारा माणूस, एवढीच मुख्य पात्रे. प्रथम सायकल निवडणे, मग इतर लोक कसे चालवितात ते पाहत राहणे, मग मागच्या चाकाला लावलेल्या दोन आधाराच्या चाकांवर फिरणे, ती चाके हळूहळू वर चढविणे, पडणे, पुन्हा पडणे. रॅश्काची रेषा ओल्या कुंचल्याची, सैल आणि फरफटलेली आहे. सायकलीच्या चाकाचे वर्तुळ तो पुरते मिटवीतही नाही. प्रथमदर्शनी हा आळस वाटतो. परंतु डगमगणारी वस्तू रेखीव काढली की ती डगमगेनाशी होते, हे ज्याला कळले त्यालाच असा आळस परवडतो.

उलटपक्षी, सायकल बिनचूक काढणे हेही काम सोपे नाही. वाचकांनी हाताशी असलेल्या कागदावर न पाहता एक सायकल काढून पाहावी. लिव्हरपूल विद्यापीठातील रिबेका लॉसन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सायकल न चालविणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना सायकलीच्या सांगाड्याची, पायडलांची किंवा साखळीची जागा नीट दाखविता आली नव्हती. कोणी साखळी दोन्ही चाकांना जोडली, कोणी सांगाड्याची नळी थेट पुढच्या चाकात नेऊन बसविली, म्हणजे ते चाक जन्मात वळू नये. इटलीचा जानलुका जिमिनी हा संकल्पक तर २००९ पासून मित्रांना आणि अनोळखी माणसांना स्मरणातून सायकल काढावयास सांगत असे आणि त्या अशक्य सायकली जशाच्या तशा, खऱ्या वाटतील अशा, संगणकावर घडवून दाखवीत असे. मुलांच्या पुस्तकांत अशा अशक्य सायकली आपल्याकडेही आढळतात, आणि आम्हाला त्यांचा राग येतो. मूल चित्रातील राक्षसाचे दात मोजीत नाही, पण सायकलीची साखळी कुठे जाते हे ते बोट फिरवून पाहते, कारण घरी उभ्या असलेल्या सायकलीच्या साखळीत त्याने ते बोट एकदा घालून पाहिलेले असते.

जुन्या पुस्तकांपैकी स्टॅन व जॅन बेरेन्स्टेन या दांपत्याचे १९६४ सालचे ‘द बाइक लेसन’ अद्यापि खपते. त्यात अस्वलबाबा आपल्या पिल्लाला नवी सायकल देतात, परंतु ती त्याच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक धडा स्वतः करून दाखविण्याचा आग्रह धरतात आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वतःच आपटतात. आपटल्यावर, असे मात्र तू करू नकोस, एवढेच सांगण्याइतके अवसान त्यांच्यात शिल्लक उरते. पितृत्वाच्या अधिकाराची ही खिल्ली प्रत्येक घराला ओळखीची असल्यामुळे मुले हसतात आणि वडील, वाचून दाखविता दाखविता, जरासे गंभीर होतात. स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची लोट्टा याहून धीट आहे. इलोन विकलंड यांच्या चित्रांसह १९७१ साली निघालेल्या त्या पुस्तकात पाच वर्षांची लोट्टा, थोरल्या भावंडांना सायकली आहेत आणि आपल्याला नाही या अन्यायाने पेटून, शेजारच्या वृद्ध बाईंची मोठी सायकल परस्पर काढते आणि उतारावरून सुटते. ब्रेक कसा लावावा हे ठाऊक नसल्यामुळे तिचा प्रवास गुलाबाच्या झुडपात समाप्त होतो. लेखिका तिला उपदेश करीत नाही. काटे बोचले तेवढे पुरे, आणि संध्याकाळी वडील एक लहानशी जुनी सायकल घेऊन येतात. आपल्याकडच्या संपादकाने या गोष्टीवर चोरीचा आक्षेप घेऊन ती साभार परत केली असती, अशी आम्हाला दाट शंका आहे.

लिंडग्रेनच्या लोट्टाहूनही विलक्षण हकीकत एका माकडाच्या पुस्तकामागे आहे. एच. ए. रे आणि मार्गरेट रे हे हाम्बुर्गचे ज्यू दांपत्य पॅरिसमध्ये राहत असताना, १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य शहरात शिरण्याच्या दोन दिवस आधी, रे यांनी सुट्या भागांतून स्वतः जुळविलेल्या दोन सायकलींवर बसून ही दोघे तेथून निसटली. सामानात थोडे कपडे, थोडे खाद्य आणि काही हस्तलिखिते होती. त्यांतील एक हस्तलिखित म्हणजे पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘क्युरिअस जॉर्ज’. याच माकडाला त्यांनी १९५२ सालच्या पुस्तकात सायकल दिली. ते वर्तमानपत्रे वाटावयास निघते, वाटेत त्यांच्या होड्या करून ओढ्यात सोडते आणि दगडावर आदळून पुढचे चाक वाकडे करून घेते. ज्या माणसाचे प्राण सायकलीने वाचविले त्याने सायकलीची इतकी निर्मळ थट्टा करावी, यात त्याच्या स्वभावाचा मोठेपणा दिसतो.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी बालवाङ्मयाला नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. ‘मुलांचे मासिक’ तर नागपूरचेच, आणि बालभारतीने नोव्हेंबर १९७१ पासून चालविलेले ‘किशोर’ आमच्या पिढीनंतरच्या अनेकांच्या घरी येत असे. या परंपरेत सायकल येत नाही असे मुळीच नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीचा तो हडकुळा पोरगा, सायकलीवाचून कल्पिताच येत नाही. पण फेणे वाचकासमोर येतो तो सायकल येत असलेला, वाऱ्याशी पैज लावणारा; तो कधीतरी पडला असेल, गुडघा सोलवटून रडला असेल, ही बाब कादंबरीकाराच्या दप्तरी नोंदलेली नाही. साहसकथेला शिकाऊ नायक चालत नाही. चित्रपुस्तकाला तोच हवा असतो, आणि चित्रपुस्तक हा प्रकार मराठीत उशिरा रुजला. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून घर, आजी, शेजार, रुसवा अशा अगदी साध्या प्रसंगांना चित्र आणि शब्द यांचा समसमान वाटा देऊन जे केले, ते पाहिल्यावर मराठी मुलाचे नित्याचे आयुष्य चित्रपुस्तकाला पुरून उरते याविषयी शंका राहू नये; त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो यथायोग्यच होता.

रंगीत चित्रपुस्तक छापणे खर्चाचे असल्यामुळे राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांनी एक व्यवहारी तोड काढली आहे. चित्रांच्या रंगीत पट्ट्या कायम ठेवून फक्त काळ्या अक्षरांची पट्टी बदलावयाची, म्हणजे त्याच चित्रांवर मराठी, तमिळ, बंगाली, उडिया अशा अनेक भाषांत पुस्तक निघते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाने आणि २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्सने असंख्य मुलांच्या हाती स्वस्त पुस्तके पोचविली ती अशाच तजविजीने, आणि तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि तिची एक किंमत असते. ज्या चित्राला काश्मीरपासून केरळपर्यंत कुठेही राहता आले पाहिजे, त्या चित्राला नागपुरात नीटसे राहता येत नाही. त्यातल्या रस्त्याला गावाचे नाव नसते, दुकानाच्या पाटीवर अक्षरे नसतात, आणि सायकल असलीच तर ती लहान मुलाच्या मापाची, चकचकीत, कुठल्याही देशात चालेल अशी असते. शेजारच्या भोपाळचे उदाहरण येथे आठवते : तेथील एकतारा या संस्थेने आपल्या हिंदी द्वैमासिकाचे नावच ‘साइकिल’ ठेवले आहे. विदर्भापासून रात्रीच्या एका गाडीवर असलेल्या गावाला जे सुचले, त्याचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही.

नागपूरच्या मुलाच्या हाती जी सायकल येई, ती त्याच्या मापाची नव्हतीच. घरात सायकल एक, ती वडिलांची. तिच्यावरून वडील सचिवालयात, कोर्टात किंवा एम्प्रेस मिलमध्ये जात. तिचा सांगाडा बावीस किंवा चोवीस इंची, चाके अठ्ठावीस इंची, वजन भारंभार. भाड्याच्या दुकानात मिळत त्याही बहुधा याच जातीच्या, फक्त घंटी नसलेल्या आणि एखादे मडगार्ड सैल झाल्यामुळे खडखडणाऱ्या. दुकानदार वहीत नाव व निघाल्याची वेळ लिही, अनोळखी मुलाला ओळखीच्या माणसाचा दाखला मागे, आणि वेळ संपल्यावर दाराशी मनगटावरचे घड्याळ पाहत उभा राही. सीटवर बसले तर पाय पायडलपर्यंत पोचणे अशक्य. नळीवर बसले तरी अवघडच. अशा परिस्थितीत या देशातील मुलांनी जी युक्ती शोधून काढली तिचे नाव कैची, आणि तिचा जनक कोण याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने ठेवलेली नाही.

कैची पाहिली नाही अशा आजच्या वाचकांसाठी तिचे सविस्तर वर्णन करणे भाग आहे. मुलगा सायकलीच्या डाव्या अंगास उभा राहतो. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर. उजवी काख वरच्या आडव्या नळीवर टेकलेली, आणि उजवा हात नळीला वेढून तरी राहतो किंवा सीटचे टोक धरून तरी. डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून, उजवा पाय सांगाड्याच्या त्रिकोणातून आरपार नेऊन पलीकडच्या पायडलवर ठेवावयाचा. आता मुलाचे सारे शरीर सायकलीच्या डावीकडे लोंबकळत असल्यामुळे सायकल उजवीकडे झुकवून धरावी लागते, आणि मूल व सायकल यांच्या अशा परस्परविरोधी झुकण्यातून तोल साधतो. आरंभी पायडल पुरते फिरविण्याचे धाडस होत नाही. ते अर्धे खाली दाबावयाचे, परत वर आणावयाचे, पुन्हा दाबावयाचे. ही अर्धी कैची. मागच्या चाकातून तेव्हा कटकट असा एक विशिष्ट आवाज येत राहतो, आणि गल्लीतल्या बायका तो आवाज ऐकूनच पोरे बाजूला घेत. मग एखाद्या दिवशी पायडल आपले आपण वरच्या टोकावरून पलीकडे उलटते आणि पूर्ण कैची जमते. त्यानंतर नळी, त्यानंतर सीट. पण सीटवर बसण्याचा आनंद पूर्ण कैचीच्या आनंदाहून उणाच असतो, असे बहुतेक जाणकार सांगतील. पॅण्टची उजवी पोटरी साखळीच्या तेलाने काळी झालेली असणे हा या विद्येचा अधिकृत शिक्का होता, आणि तो घरी लपविता येत नसे.

विदेशी चित्रपुस्तकांतील शिकवणी आणि ही शिकवणी यांच्यातला फरक केवळ सायकलीच्या मापाचा नाही. तिकडे मूल लहान सायकलीवर ताठ बसते, आधाराची चाके असतात, मागे बाप असतो. शिकणे म्हणजे आधार एकेक करून काढून घेणे. कैचीत, मागे धावणाऱ्या भावाचा तो बेभरवशाचा हात वगळता, आधार आरंभापासूनच नसतो. मूल वस्तूच्या मापाचे नसते, म्हणून ते वस्तूतून वाट काढते. हा एक निराळाच दृष्टिकोन आहे, आणि चित्रकलेच्या दृष्टीने तर अपूर्व आहे : एक काळा त्रिकोण, त्यातून गेलेला एक उघडा पाय, एका बाजूला झुकलेली सायकल, दुसऱ्या बाजूला झुकलेले मूल. इतकी गतिमान आकृती चित्रकाराला आयती मिळत असताना, मराठी मुलांच्या मनावर चित्रातली सायकल म्हणून जी ठसते ती आधाराच्या चाकांची गुलाबी सायकल असावी, याचे आम्हाला वैषम्य वाटते.

मुलींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. लेडीज सायकलला आडवी नळी नसते, त्यामुळे तिच्यावर कैचीची गरज नसे आणि शिकणे सुलभ होई; परंतु लेडीज सायकल घरात येण्यालाच पुष्कळ मुदत लागे, आणि तोवर मुलींनी भावाच्याच सायकलीवर, परकर खोचून, कैची मारली. सायकल शिकणाऱ्या स्त्रियांची भारतातील सर्वांत प्रसिद्ध हकीकत तामिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याची आहे. तेथे १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी हा उपक्रम उचलून धरला, आणि पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेला लेख पुढे शालेय पाठ्यपुस्तकात गेला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात येतात. सायकल मंजूर करणारा हुकूम निघतो. ती चालवावयास शिकविण्याचा हुकूम कोणत्याही दप्तरात नसतो. ते काम कोणी मैत्रीण, कोणी चुलतबहीण, गावाबाहेरच्या पांदणीत करीत असते. यावर एक पुस्तक सहज होईल.

अलीकडे शहरांतील दुकानांत पायडलच नसलेली एक छोटी सायकल दिसू लागली आहे. दोन-तीन वर्षांचे मूल तिच्यावर बसून जमिनीला पाय मारीत पुढे जाते आणि तोल प्रथम शिकते, पायडल मागाहून. ही नवी म्हणून विकली जाणारी कल्पना वस्तुतः सायकलीच्या जन्माइतकी जुनी आहे : जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने मानहाइम गावी १२ जून १८१७ रोजी जे पहिले दुचाकी यंत्र चालवून दाखविले, त्याला पायडल नव्हतेच, आणि तोही असाच पाय मारीत गेला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी झुंजत होती. नागपूरकराला ते साल ध्यानात ठेवण्यास वेगळे कष्ट पडू नयेत. पायडलविरहित सायकलीने शिकणारी मुले लवकर शिकतात हे खरे, पण चित्रपुस्तकाच्या कर्त्याची तिने पंचाईत केली आहे. हात सोडण्याचा प्रसंगच तीत उद्भवत नाही, मग पान उलटावे तरी कुठे?

नागपूर सायकलीला पारखे झाले आहे असेही नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली, आणि रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर हेल्मेटधारी सायकलस्वारांच्या रांगा दिसतात. त्या सायकलींच्या किमती ऐकल्या तर भाड्याच्या दुकानाचा जुना मालक आपली वही मिटून घेईल.

तेव्हा कैचीवरचे एक चित्रपुस्तक नागपूरच्या एखाद्या चित्रकाराने मनावर घ्यावे, असा आमचा अर्ज आहे. आकार आडवा असावा, कारण रस्ता आडवा असतो. पाने चोवीस पुरतील. पाट्यांवर गोकुळपेठ, इतवारी, महाल अशी खरी नावे असावीत, आणि दुसऱ्या भाषेतील आवृत्तीसाठी ती पुसण्याचा मोह कोणी धरू नये. दादाचे बोलणे नागपुरीच राहू द्यावे. सायकल मात्र स्मरणातून काढू नये. इतवारीच्या बाजूला दूधवाले आणि भंगारवाले अजून तसली चोवीस इंची सायकल वापरतात, ती तासभर मागून घ्यावी आणि एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला कैची मारावयास सांगून त्याची रेखाटने करावीत. अडचण एवढीच की, आजच्या मुलाला कैची प्रथम शिकवावी लागेल, आणि त्यासाठी मागून कॅरिअर धरून धावू शकेल असा पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ शोधावा लागेल.